थंड पाण्याचे रविवार

निशी-कसाईला राहायला आलो त्या पहिल्या वर्षी मला एक सवय लागली होती. नवरा ऑफिसला आणि लेक शाळेत गेली की मी फोनवर नकाशा उघडायचे आणि तोक्योच्या आसपास निळं कुठे कुठे दिसतंय ते बघत बसायचे. निळं पुष्कळ होतं. सायकलने दहा मिनिटांवर मोठी नदी, तिच्या पुढे खाडी, मधे कालवे. नदीच्या बांधावर सकाळी म्हातारी माणसं हात हलवत चालायची, रविवारी मुलं बेसबॉल खेळायची. पाण्यात मात्र कुणी नसायचं. मला हवं होतं ते तळं. चहूकडून डोंगर, काठाला गोटे, वर ढगाळ आभाळ, आणि आत उतरायला कुणाला विचारावं लागत नाही असं.

नवरा म्हणायचा, "अगं, इथे एवढं सगळं आहे बघायला. तुला तिथलंच काय आठवत राहतं?"

मला नीट सांगता यायचं नाही. तिथलं म्हणजे इंग्लंडमधलं, आणि आठवायचं ते सगळं इंग्लंडही नाही. फक्त एका उन्हाळ्यातले काही रविवार.

जपानच्या आधी अडीच वर्षं आम्ही इंग्लंडच्या उत्तरेला, प्रेस्टनला होतो. नवरा कंपनीच्या कामासाठी तिथे गेला आणि त्याच्या मागोमाग आम्ही दोघी. लेक तेव्हा अगदी लहान. घर छोटं, दिवस लांबच लांब, आणि ओळखीचं असं फारसं कुणी नाही. तास-सव्वा तासाच्या अंतरावर तळ्यांचा मुलूख होता. पहिल्या वर्षी आम्ही तिथे एकदाच गेलो, फोटो काढले, परत आलो. दुसऱ्या वर्षी सासूबाई आल्या आणि मग आम्ही दर रविवारी जायला लागलो.

सासरे जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. लातूरचं घर बंद करून धाकटे दीर त्यांना सांगलीला घेऊन गेले होते. पण त्या तिथे रुळत नव्हत्या. जेवायच्या, झोपायच्या, विचारलं तेवढं बोलायच्या. दिरांनी फोनवर सांगितलं, "थोडे दिवस तुमच्याकडे घेऊन जा. हवापालट होईल." मे महिन्यात त्या आल्या. विमानतळावर व्हीलचेअरवरून बाहेर आल्या तेव्हा मांडीवर मेतकुटाचा डबा घट्ट धरलेला होता.

माझं त्यांच्याशी नातं तसं बेताचंच होतं. भांडण कधीच नव्हतं. लग्नानंतर आम्ही पुण्याला आणि त्या लातूरला. सणाला जायचं, वाकून नमस्कार करायचा, निघताना त्यांनी शेंगदाण्याची चटणी भरून द्यायची. सात वर्षांत आम्ही दोघी तासभर एका खोलीत बसून बोललो असू, असं मला आठवत नाही. आता आख्खे दिवस दोघींनी एका घरात काढायचे होते. त्या खिडकीशी बसून समोरच्या बागेतला म्हातारा गवत कापायचा ते बघत राहायच्या. मी विचारायचे, "आई, चहा करू?" त्या म्हणायच्या, "कर की." संभाषण तिथे संपायचं.

पहिल्या रविवारी आम्ही त्यांना कॉनिस्टनच्या तळ्यावर नेलं ते निव्वळ घराबाहेर काढायचं म्हणून. पाऊस होऊन गेला होता, वाटेवर चिखल. त्यांच्या चपला बघून नवऱ्याने गाडीतले स्वतःचे गमबूट काढले. सुती साडी घोट्याच्या वर खोचून, दोन मापं मोठे बूट घालून सासूबाई चालायला लागल्या. वाट चक्क कुणाच्या तरी शेतातून जात होती. मेंढ्या बाजूला होऊन बघत होत्या.

"हे रान कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"असेल कुणातरी शेतकऱ्याचं," मी म्हटलं.

"आणि आपल्याला कुणी हटकत नाही?"

"नाही. फक्त फाटक लावून घ्यायचं."

त्यानंतर प्रत्येक फाटक त्यांनी स्वतः लावलं. कडी बसली की नाही ते हलवून बघायच्या, मगच पुढे यायच्या. जिथे फाटक नव्हतं तिथे कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या होत्या. मला वाटलं आता परत फिरावं लागणार. त्यांनी साडी गुडघ्याशी धरली आणि माझा हात न घेता पलीकडे उतरल्या. त्या दिवशी आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून मागून दुसरी पोळी घेतली, असं नवरा रात्री मला म्हणाला.

तळ्याच्या एका कोपऱ्यात गोट्यांचा उतरता काठ होता. तिथे दर रविवारी पाच-सहा बायका पोहायला यायच्या. सगळ्या साठीच्या पुढच्या. अंगात पोहण्याचे कपडे आणि डोक्यावर चक्क लोकरीच्या टोप्या. कमरेला दोरीने केशरी फुगा बांधलेला, लांबून बोटीवाल्यांना दिसावा म्हणून. त्या गप्पा मारत मारतच पाण्यात शिरायच्या, जशा आपल्याकडच्या बायका बोलत बोलत भाजी मंडईत शिरतात. दहा-पंधरा मिनिटांत बाहेर, लगेच गरम कपडे, थर्मासमधला चहा, केक. सासूबाई एका खडकावर बसून त्यांच्याकडे बघत राहायच्या. पहिल्या रविवारी, दुसऱ्या, तिसऱ्या. मी मनात म्हणायचे, यांना हे विचित्र वाटत असणार, या वयात असल्या कपड्यांत बायका. मी त्यांना दुसरीकडे बसूया का असंही विचारलं. त्या नको म्हणाल्या.

चौथ्या रविवारी लेक आणि तिचा बाबा पाण्यात दगड फेकत होते. मी डबा उघडत होते. सासूबाई म्हणाल्या, "मला उतरायचंय."

मला वाटलं पाय भिजवायचेत. "थांबा, तुमचे बूट काढते," मी म्हटलं.

"पाय नव्हे. पोहायचंय."

मी डबा खाली ठेवला. "आई, बर्फासारखं पाणी आहे."

"मग त्या बायका काय बर्फाच्या आहेत?"

"तुम्हाला पोहता येतं?"

"येत होतं," त्या म्हणाल्या. "आता बघायचं."

तिथेच, त्या खडकावर बसून त्यांनी मला सांगितलं. माहेर कृष्णेच्या काठचं. वडिलांनी पाठीला वाळका भोपळा बांधून पाच वर्षांची असताना पाण्यात सोडलं. आठव्या वर्षी भोपळा सुटला. तेराव्या वर्षी त्या नदी पार करून पलीकडच्या मळ्यातून पेरू घेऊन परत यायच्या, पेरू ओढणीत बांधून. गावातल्या पोरांशी पैज लावून काठावरून पाण्यात मुटके मारायच्या. अठराव्या वर्षी लग्न होऊन लातूरला गेल्या. तिथे नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, घागरी भरून ठेवायच्या. त्रेचाळीस वर्षं त्या पाण्यात उतरल्या नव्हत्या.

"तुझ्या सासऱ्यांनाही ठाऊक नव्हतं," त्या म्हणाल्या.

"का नाही सांगितलं?"

"त्यांनी कधी विचारलं नाही. आणि लातूरला काय सांगायचं, बादलीत पोहून दाखवते म्हणून?"

नवऱ्याला हाक मारून सांगितलं तेव्हा तो हातातला दगड तसाच धरून उभा राहिला. त्याला स्वतःला पोहता येत नाही. लहानपणी विहिरीच्या आसपास दिसला तर याच आईने त्याला बडवलेलं. "आई, तुला पोहता येतं? आणि मला साधं काठावर जाऊ द्यायची नाहीस?"

"तुला येत नव्हतं म्हणूनच," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी कपडे नव्हते. आठवडाभर नवऱ्याने घालमेल केली, हृदयाचं काय, बीपीचं काय. सासूबाई ऐकून घ्यायच्या आणि उत्तर द्यायच्या नाहीत. रविवारी त्यांनी माझी काळी लेगिंग आणि त्याचा कॉलेजचा लांब टी-शर्ट घातला, वर टॉवेल पांघरला आणि त्या इंग्रज बायकांच्या दिशेने चालू लागल्या. त्यांच्यातली सगळ्यात वयस्कर बाई पुढे आली. ती इंग्रजीत बोलत होती, या मराठीत. मी मधे भाषांतर करायला गेले तर दोघींनाही त्याची गरज वाटली नाही. बाईने स्वतःच्या कमरेचा फुगा सोडून सासूबाईंना बांधला, आणि दोघी शेजारी शेजारी पाण्यात शिरल्या.

कमरेएवढ्या पाण्यात सासूबाई थांबल्या. खांदे वर गेले, श्वास अडकल्यासारखा झाला. नवरा बुटांसकट पाण्यात पाऊल टाकायच्या बेतात होता. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि अलगद पुढे झेपावल्या. एवढंच. काही आवाज झाला नाही. डोकं वर ठेवून, हात लांब सारत, शांतपणे त्या पोहत गेल्या. इंग्रज बाई मागे पडली. वीस-पंचवीस हात गेल्यावर त्या वळल्या आणि पाण्यावर उताण्या पडल्या. पांढऱ्या केसांचा अंबाडा सुटून पसरला होता.

लेक म्हणाली, "आजी झोपली."

बाहेर आल्या तेव्हा दातांवर दात वाजत होते. मी टॉवेल घेऊन धावले आणि त्यांची पाठ, खांदे, दंड खसाखसा पुसायला लागले. लग्नानंतर त्यांच्या पायांशिवाय कुठेही मी हात लावला नव्हता. त्यांची पाठ माझ्या हाताखाली थरथरत होती आणि त्या हसत होत्या. दात वाजत असताना हसू येतं तसं, तुटक तुटक. मलाही हसू यायला लागलं. आम्ही दोघी तिथे ओल्या गोट्यांवर उभ्या राहून का हसत होतो, ते आज सांगता येणार नाही.

मग ते रविवार सुरू झाले. जून, जुलै, ऑगस्ट. पाऊस असला तरी. सासूबाई शनिवारी दशम्या करायच्या, त्या बायकांसाठी जास्तीच्या. त्या बायका केक द्यायच्या. पोहून झालं की आम्ही डोंगराच्या कडेने चालायचो, कधी वल्ह्यांची बोट भाड्याने घ्यायचो. बोट नवरा वल्हवायचा आणि ती स्वतःभोवतीच फिरायची, मग सासूबाई वल्ही मागून घ्यायच्या. येताना गाडीत त्या लेकीला मांडीवर घेऊन झोपायच्या, केसांना तळ्याच्या पाण्याचा वास. आठवड्यातले बाकीचे दिवस बदलून गेले. खिडकीशी बसणं संपलं. आता त्या बोलायच्या. सासऱ्यांबद्दल, शेवटच्या आजारपणाबद्दल, नदीच्या पुराबद्दल, आपल्या आईबद्दल. मी भाजी निवडत ऐकायचे. एकदा त्या म्हणाल्या, "रडू यायचंच नाही मला. पाण्यात गेले आणि आलं. कुणाला कळलं नाही, बरं झालं."

माझं काम टॉवेल धरून काठावर उभं राहायचं. मला पोहता येत नव्हतं आणि पाण्याची भीती होती. त्या दर वेळी मला म्हणायच्या, "ये की. मी आहे." मी दर वेळी काहीतरी सांगायचे. सर्दी आहे, लेकीकडे कोण बघेल, कपडे आणले नाहीत. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी, त्यांच्या परतीच्या आधी, मी गुडघ्यापर्यंत गेले. पाणी हाडात शिरलं. त्यांनी हात पुढे केला होता. मी मागे फिरले आणि म्हटलं, "पुढच्या वर्षी नक्की."

"पुढच्या वर्षी," त्या म्हणाल्या.

पुढच्या वर्षी आमची जपानला बदली झाली.

निशी-कसाईत सगळं सोपं होतं. कढीपत्ता मिळायचा, खाली मराठी बोलणारी दोन घरं होती, तोझाई लाइनच्या मेट्रोने नवरा वीस मिनिटांत ऑफिसला. कचरा कुठल्या दिवशी कुठला टाकायचा ते पाठ झालं. लेक पहिल्या सहा महिन्यांत जपानी बोलायला लागली आणि मला काही विचारलं की "दाइजोबु", म्हणजे ठीक आहे, म्हणून मोकळी व्हायची. तिला इंग्लंडचं फारसं आठवत नव्हतं. तळं दाखवलं फोटोत, तर म्हणाली, "ही आजी? एवढी ओली का आहे?"

सासूबाई परत सांगलीला धाकट्या मुलाकडे होत्या. आठवड्यातून एकदा फोन व्हायचा. त्या विचारायच्या, "तुमच्याकडे तळं आहे का गं?" मी सांगायचे, आहे, पण लांब आहे. त्या म्हणायच्या, "मग येते मी." पण आधी दिरांच्या मुलीची परीक्षा, मग त्यांचे गुडघे, मग आणखी काही. वर्षं गेली. शेवटी चौथ्या वर्षी ठरलं. जूनअखेर त्या येणार, जुलैत शाळेला सुट्टी लागली की क्योतोला जायचं आणि तिथून बिवा तळ्यावर. बिवा हे जपानमधलं सगळ्यात मोठं तळं, आणि उन्हाळ्यात त्याच्या काठाला पोहायला परवानगी असते. तिकीट काढलं.

त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मी कुणाला न सांगता पोहायला शिकायला लागले होते. वॉर्डाच्या स्पोर्ट्स सेंटरमध्ये गुरुवारी सकाळी मोठ्यांसाठी वर्ग होता. मी एक्केचाळीस वर्षांची, आणि वर्गात सगळ्यात तरुण. टोपी सक्तीची, दागिना एकही चालत नाही. पहिल्या दिवशी मंगळसूत्र रुमालात गुंडाळून लॉकरमध्ये ठेवलं. दर तासाला शिट्टी वाजली की सगळ्यांनी पाण्याबाहेर यायचं, दहा मिनिटं बाकावर बसायचं, पुन्हा शिट्टी वाजली की आत. पाणी कोमट. तळाच्या फरशीवर निळी रेघ. त्या रेघेकडे बघत मी तोंडाने बुडबुडे काढायला शिकले, मग तरंगायला, मग पाय मारायला. भीती गेली नाही, पण तिच्यासकट पुढे जाता येतं एवढं कळलं. मे महिन्यात मी न थांबता स्विमिंग पूलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. सासूबाईंना बिवावर पोचल्यावरच दाखवायचं असं ठरवलं होतं. नवऱ्यालाही सांगितलं ते त्या मे महिन्यातच.

शेजारच्या पट्ट्यात म्हाताऱ्या बायका पाण्यातून नुसत्या चालायच्या. त्यांच्यातली अठ्ठ्याहत्तर वर्षांची एक बाई मला दर गुरुवारी मान झुकवून विचारायची, आज किती? मी बोटांनी दाखवायचे.

जूनच्या सुरुवातीला दिरांचा फोन आला. आई बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करावं लागणार. ऑपरेशन नीट झालं. पण विमानाचा प्रवास आता विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. नवरा चार दिवस जाऊन आला. तिकीट रद्द केलं.

मी पूलला जायचं बंद केलं. तीन गुरुवार गेले नाही. चौथ्या आठवड्यात दुकानातून येताना ती चालणारी बाई सायकलवरून समोर आली आणि उतरून उभी राहिली. मी मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं की सासूबाई पडल्या, येणार नाहीत. तिने मान हलवली. मग म्हणाली, "गुरुवारी मी असते." आणि पुन्हा सायकलवर बसून गेली. गुरुवारी मी गेले.

क्योतोचं बुकिंग तसंच होतं म्हणून जुलैअखेर आम्ही तिघं निघालो. क्योतोहून गाडीने पाऊण तासात ओमी-माइकोला उतरलो. स्टेशनपासून दहा मिनिटांवर पाइनची झाडं, पांढरी वाळू आणि पुढे बिवा. एवढं मोठं की पलीकडचा काठ धुरकट दिसत होता. ऊन रणरणत होतं. काठाला तंबू, मांस भाजल्याचा धूर, लाउडस्पीकरवरून सूचना, फुगवलेल्या रबरी नळ्यांवर मुलं. पोहण्याची हद्द दाखवायला पाण्यात दोरी, दोरीला तरंगते गोळे. मी ज्या तळ्यासाठी चार वर्षं नकाशे बघत होते त्यातलं तिथे काही नव्हतं. पाणी काठाला गरम होतं.

लेक शाळेत शिकलेली, मासोळीसारखी पोहते. ती पुढे गेली. मी कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिले. नवरा काठावर फोन धरून उभा होता आणि त्याचा चेहरा मला ओळखीचा वाटला. आईच्या वेळी झाला होता तसाच झाला होता. मग मी निघाले. तळाला निळी रेघ नव्हती. खाली नुसतं हिरवट, मग काळपट. मधेच भीतीने हात आखडले, पाणी नाकात गेलं. दोरीपर्यंत पोचले आणि दोन्ही हातांनी तिला धरून लटकले. पाय खाली सोडले तेव्हा खालचं पाणी लागलं. ते थंड होतं. अगदी थंड. मी पाय तसेच सोडून बराच वेळ थांबले. तिथून काठाकडे बघितलं तर शंभर माणसं होती, आणि मला जे माणूस बघायचं होतं ते सांगलीत कॉटवर पडून होतं.

बाहेर आल्यावर ओल्या अंगानेच मी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे साडेदहा. सासूबाई उशांना टेकून बसल्या होत्या. चेहरा उतरलेला, केस कुणीतरी दुसऱ्याने विंचरलेले.

"कुठे आहेस?" त्यांनी विचारलं.

"तळ्यावर, आई."

"केस ओले कशाने?"

"पोहले मी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "कुठवर?"

मी फोन फिरवून दोरी दाखवली. "तिथपर्यंत जाऊन आले."

"कुणी धरलं होतं?"

"नाही. एकटीनेच."

मी वाट बघत होते. सात महिने मी या क्षणाची वाट बघत होते. त्या म्हणाल्या, "बरं. डोकं पूस, सर्दी होईल." आणि फोन दिरांकडे दिला.

त्या दिवशी परतीच्या गाडीत मी कुणाशी बोलले नाही. नवरा म्हणाला, "आजारी आहे गं ती. दुखत असेल." मी मान हलवली. पण मला लागलं होतं. आपण एवढं का धडपडलो, असं वाटत राहिलं.

तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. त्या स्वतःहून कधी करत नाहीत. मी घरी कणीक मळत होते, कोपराने फोन स्पीकरवर टाकला.

"काम आहे का?" त्या म्हणाल्या.

"नाही आई, बोला."

"त्या दिवशी मी चांगलं काही बोलले नाही."

"तुम्हाला बरं नव्हतं."

"बरं होतं. मला हेवा वाटला." त्या म्हणाल्या, "तू पाण्यातून आलीस आणि मी या कॉटवर. शाबास म्हणायला पाहिजे होतं. पण आधी हेवाच वाटला बघ. सुनेचा हेवा. दोन दिवस मनात धरून बसले, आज म्हटलं सांगून टाकावं."

मग मी खरं तेच बोलले. "तुम्ही नव्हता तिथे. मला काही फार आनंद झाला नाही, आई."

"नसणारच," त्या म्हणाल्या. "गरम पाणी होतं ना?"

"वर गरम. खाली थंड होतं."

"किती खाली?"

"पाय सोडले की लागायचं."

"मग?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. पूल, शिट्टी, टोपी, ती चालणारी म्हातारी, नाकात गेलेलं पाणी. त्या मधे मधे विचारत होत्या, श्वास कुठल्या हाताला घेतेस, पाय गुडघ्यातून मारतेस की मांडीतून. मी सांगितलं तर म्हणाल्या, "चुकतंय. गुडघा नाही वाकवायचा इतका." कणीक तशीच सुकली.

आता दर गुरुवारी पूलवरून आल्यावर मी फोन करते. त्या वॉकर घेऊन फाटकापर्यंत जातात, परत येतात, तेवढं त्या सांगतात. मी किती फेऱ्या मारल्या ते सांगते. इंग्लंडचा विषय दोघींपैकी कुणी काढत नाही. मी मात्र अजूनही कधीतरी नकाशा उघडते आणि बोटाने पार तिकडे जाते. ते तळं लांबट आहे, काकडीच्या फोडीसारखं. ज्या कोपऱ्यात गोट्यांचा काठ आहे तो मोठा करून बघता येतो, पण त्यात माणसं दिसत नाहीत.

मागच्या महिन्यात दीर त्यांना गाडीतून कृष्णेच्या घाटावर घेऊन गेले. त्यांना वाटलं, बरं वाटेल. त्या गाडीतून उतरल्याच नाहीत. काच खाली करायलाही नको म्हणाल्या. "नुसतं बघून काय करू," एवढंच बोलल्या. दिरांनी मला हे सांगितलं तेव्हा ते जरा दुखावलेले होते. मी त्यांना म्हटलं, वाईट वाटून घेऊ नका.

दिवाळीत मी पंधरा दिवस सांगलीला जाणार आहे. घाटाच्या पायऱ्या कशा आहेत ते मी दिरांना बघून यायला सांगितलं होतं. ते म्हणाले, वरच्या पायऱ्या रुंद आहेत, पुढे शेवाळ. नदीत मगरी दिसतात म्हणतात, त्यामुळे फार आत कुणी जात नाही, पण काठाशी बायका धुणं धुतात, अंघोळी करतात. वॉकर तिथे चालणार नाही. दोघांनी दोन बाजूंनी धरलं आणि सावकाश घेतलं तर पाण्याच्या पहिल्या पायरीपर्यंत नेता येईल. तिथे प्लास्टिकची खुर्ची ठेवता येईल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, बघतो.

सासूबाईंना हे अजून सांगितलेलं नाही. त्या नाही म्हणतील याची मला जवळजवळ खात्री आहे.